लूट झाली, पण पाणी ओसरल्यावर

जुलै संपत आला की मुंबईच्या प्रलयाची आठवण निघते आणि तिच्या पाठोपाठ एक तुलनाही येते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, पण मुंबईकरांनी एकमेकांना हात दिला. त्यानंतर महिनाभराने, 29 ऑगस्टला, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅटरिना चक्रीवादळ आदळलं, न्यू ऑर्लिन्स बुडालं, आणि तिथल्या लोकांनी दुकानं फोडली. निष्कर्ष तयार: जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाला जमलं नाही ते आपल्या संस्कारांनी करून दाखवलं. ही तुलना आधी ई-मेलमधून फिरली, मग व्हॉट्सॲपवर आली, आणि अमेरिकेहून सुट्टीवर आलेला एखादा आप्त तिला घरच्या बैठकीत तिखटमीठही लावतो. वीस वर्षं उलटली तरी तिच्या अंगावर ओरखडा नाही.

समोरच्याचं मत अर्धवट मांडून मोडण्यात मजा नाही, म्हणून ते पुरतं ऐकू. वादळ येणार हे सांगितलं होतं, शहर सोडा असा हुकूम निघाला होता. जे मागे राहिले ते आळसाने राहिले, सरकारी मदतीला सोकावलेली माणसं. समुद्रसपाटीच्या खाली राहायचं आणि बुडालो म्हणून रडायचं! पाणी आल्यावर शेजाऱ्याला वाचवायचं सोडून यांनी टीव्ही पळवले, बायकांवर अत्याचार केले, मदतीच्या हेलिकॉप्टरवर गोळ्या झाडल्या. आणि पाणी काय रंग बघून घरात शिरतं? महापौर काळा, पोलीसप्रमुख काळा, मग वंशभेद आला कुठून? नंतर केंद्र सरकारने शंभर अब्ज डॉलरहून अधिक ओतले, तरी यांची रड संपत नाही. इतकं बोलून झालं की वक्ता समाधानाने चहाचा कप उचलतो. यातलं प्रत्येक वाक्य सुटं ऐकलं तर रास्त वाटतं, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं.

शहर सोडण्यापासून सुरुवात करू. महापौर रे नेगिन यांचा सक्तीचा हुकूम निघाला रविवारी, 28 ऑगस्टला सकाळी. वादळ किनाऱ्यावर आलं सोमवारी पहाटे. ज्यांच्या दारात मोटार होती त्यांच्यासाठी योजना उत्तम चालली: महामार्गाच्या दोन्ही बाजू शहराबाहेर जाण्यासाठी खुल्या केल्या, लाखो लोक निघून गेले. पण न्यू ऑर्लिन्समधल्या चौथाईहून अधिक घरांत मोटारच नव्हती. त्यांनी जायचं कशाने? तारीखही बघा. महिनाअखेर. पगाराचा आणि पेन्शनचा चेक पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला यायचा होता. हातात पेट्रोलचे पैसे नाहीत, मोटेलच्या खोलीचे नाहीत, तीनशे मैलांवर राहणारा मेहुणा नाही. आणि हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. 2004 च्या जुलैमध्ये केंद्राच्या आपत्ती निवारण संस्थेने, म्हणजे फेमाने, पैसे देऊन अशाच एका काल्पनिक वादळाची रंगीत तालीम घडवली होती. त्या वादळाला ‘पॅम’ असं नावही ठेवलं होतं. मोटार नसलेले लोक शहरात अडकून पडणार, हे त्या तालमीत स्पष्ट दिसलं होतं. वर्षभराने प्रत्यक्ष वादळ आलं तेव्हा शेकडो पिवळ्या शाळाबस आगारात रांगेने उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात होत्या. आळस झाला असेलच, पण तो नेमका कुणाचा?

मागे राहून मेले कोण, तेही पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने 2023 मध्ये आकडा सुधारून कॅटरिनाचे बळी 1,392 ठरवले. लुइझियानातल्या, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या राज्यातल्या, मृतांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांतले जवळजवळ निम्मे पंचाहत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले निघाले. कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणी ऑक्सिजनवर, कुणी वृद्धाश्रमात, कुणी आजी उठत नाही म्हणून तिच्यापाशी थांबलेलं. ऐंशी वर्षांच्या म्हातारीला सरकारी मदतीची सवय लागली होती म्हणून ती पोटमाळ्यावर गुदमरली, असं म्हणायचं असेल तर निदान तिचं वय सांगून म्हणावं.

समुद्रसपाटीचा मुद्दा तर उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे. ॲमस्टरडॅमचा विमानतळ समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथे उतरताना आपल्यापैकी कुणी डच माणसाला विचारलं का, की बाबा रे, इथे कशाला राहतोस? न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपीच्या मुखाशी वसलेलं बंदर आहे. अर्ध्या अमेरिकेचं धान्य आणि तेल ज्या वाटेने जातं, तिथे माणसं राहणारच. शहराचा निम्मा भाग समुद्रसपाटीला किंवा त्याहून उंचावर आहे. बाकीचा भाग कोरडा ठेवण्याची हमी कुणी दिली होती? केंद्र सरकारच्या लष्करी अभियंता दलाने. कॅटरिनात शहर बुडालं ते वाऱ्याने नव्हे, पावसानेही नव्हे. या दलाने उभारलेल्या पूरभिंती आणि बंधारे पन्नासेक ठिकाणी फुटले म्हणून बुडालं. सतराव्या रस्त्याच्या कालव्याची आणि लंडन ॲव्हेन्यू कालव्याची भिंत तर पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच कोसळली. पाया उथळ, माती भुसभुशीत, हिशेब चुकलेला. जून 2006 मध्ये दलाने आपल्या अहवालात रचनेतल्या चुका मान्य केल्या. शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला तो या चुकांमुळे.

मग भरपाई? 1928 चा एक कायदा आहे. पूरनियंत्रणाची कामं फसली तर केंद्र सरकारवर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही, असं तो सांगतो. 2008 मध्ये न्यायाधीशांनी दलावर कडक ताशेरे ओढले आणि मग त्याच कायद्याकडे बोट दाखवून खटला निकालात काढला. दुकानातून पाण्याच्या बाटल्या उचलणारा गुन्हेगार, आणि शहर बुडवणारा कायद्याने सुरक्षित!

हा कायदा आला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 1927 च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीला महापूर आला. न्यू ऑर्लिन्सचे बँकवाले आणि व्यापारी घाबरले. राज्य सरकारच्या संमतीने शहराच्या खालच्या अंगाला, कॅर्नारव्हॉन इथे, नदीचा बंधारा सुरुंगाने उडवण्यात आला. पाणी सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स या परगण्यांतल्या गरीब शेतकऱ्यांच्या आणि सापळे लावून शिकार करणाऱ्यांच्या घरांत गेलं. भरपाईचं वचन दिलं होतं. हाती पडलं ते चणेफुटाणे. म्हणून 2005 मध्ये लोअर नाइन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतले वृद्ध ‘बंधारा मुद्दाम फोडला’ असं म्हणू लागले, तेव्हा शहाण्यासुरत्यांनी त्यांची टर उडवली. बंधारा या वेळी कुणी मुद्दाम फोडला नव्हता, हे खरं. पण ज्यांच्या आजोबांच्या काळात सरकारच्या संमतीने सुरुंग लागला, त्यांनी संशय घेतला तर त्यात अडाणीपणा कुठे?

आता लूट. सगळ्यांचा लाडका मुद्दा. चोऱ्या झाल्या, हे खरं. कुणी टीव्ही नेले, कुणी बूट नेले. पण सुपरडोम क्रीडागारात काय चाललं होतं ते आधी समजून घ्या. छताचे तुकडे उडालेले, वीज गेलेली, संडास तुंबलेले, पंचवीस-तीस हजार माणसं ऑगस्टच्या उकाड्यात. कन्व्हेन्शन सेंटरपाशी आणखी वीसेक हजार. तिथे तर शुक्रवारपर्यंत अन्नही पोचलं नाही. फेमाचे प्रमुख मायकेल ब्राउन यांनी गुरुवारी दूरचित्रवाणीवर सांगितलं की या गर्दीबद्दल आपल्याला आजच कळलं. सगळं जग ती गर्दी टीव्हीवर बघत होतं. हे गृहस्थ या खात्यात येण्याआधी अरबी घोड्यांच्या संघटनेत अधिकारी होते. शुक्रवारी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यांची पाठ थोपटली. दहा दिवसांनी ब्राउन यांनी राजीनामा दिला.

त्या आठवड्यात मात्र बातम्या होत्या बलात्काराच्या, लहान मुलांचे गळे चिरल्याच्या, शेकडो प्रेतांच्या. यातलं काही पोलीसप्रमुखांनी स्वतः टीव्हीवर सांगितलं. पुढे प्रेतं न्यायला शीतगृहाचा ट्रक घेऊन पथक सुपरडोमला आलं. दोनशे प्रेतांची तयारी होती. निघाली सहा: चार नैसर्गिक मृत्यू, एक अमली पदार्थाचा बळी, एक आत्महत्या. महिना उलटायच्या आत तिथल्याच ‘टाइम्स-पिकायून’ या दैनिकाने अफवांचा हा फुगा फोडला. आपल्याकडे अफवेची बातमी आली, खुलासा आला नाही. आला असेल तर कुणी पुढे ढकलला नाही.

साप साप म्हणून भुई धोपटली, इतक्यावर हे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण अफवेपायी माणसं मेली. बुधवारी संध्याकाळी महापौरांनी दीडेक हजार पोलीस शोध आणि बचावाच्या कामावरून काढून लूट थांबवायला पाठवले, तेव्हा लोक छपरांवर बसून हाका मारत होते. गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी जाहीर केलं की आलेल्या सैनिकांच्या बंदुका भरलेल्या आहेत आणि ते ठार मारायला कचरणार नाहीत. पायी पूल ओलांडून ग्रेटना या कोरड्या उपनगराकडे निघालेल्या लोकांना तिथल्या पोलिसांनी डोक्यावरून गोळ्या झाडून परत फिरवलं. त्या गर्दीतले बहुतेक काळे होते, उपनगर मुख्यतः गोरं. आणि 4 सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीय माणसांवर बेछूट गोळीबार केला. एक सतरा वर्षांचा मुलगा मेला आणि एक चाळिशीचा मतिमंद माणूस, तोही पाठीत गोळ्या लागून. त्या माणसाच्या भावालाच पोलिसांच्या खुनाच्या प्रयत्नाबद्दल अटक झाली. पोलिसांनी पुरावे बनवले, खटला वर्षानुवर्षं रेंगाळला, झालेली शिक्षा रद्द झाली, आणि 2016 मध्ये अखेर आरोपी पोलिसांनी गुन्हा कबूल केला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण शाळेत पाठ केली. इथे ती लागू करायला आपल्याला कोण अडवतं?

आणि मुंबईशी तुलना? मुंबईत भरती उतरली, पाऊस थांबला, बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांत पाणी ओसरलं. न्यू ऑर्लिन्स हे मोठा भाग खोलगट असलेलं शहर. तिथलं पाणी पंपाने उपसून काढायला सहा आठवडे लागले. शहरातल्या माणसांना परत यायला सक्त मनाई होती. दोन दिवसांच्या हालांची दीड महिन्याच्या वनवासाशी तुलना करून स्वतःला पदक देणं ही कसली रीत? शिवाय न्यू ऑर्लिन्समध्येही शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना होड्यांतून, दारांच्या फळ्यांवरून, हवेच्या गाद्यांवरून बाहेर काढलं. सरकारी होडी येईपर्यंत तीच एक यंत्रणा होती.

मुंबईच्या माणुसकीबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती तिचं श्रेय खिशात घालणाऱ्यांबद्दल. त्या रात्री महामार्गावर अडकलेल्या मोटारवाल्यांना बिस्किटं, पाणी, चहा कुणी दिला? बऱ्याच ठिकाणी रस्त्याकडेच्या झोपडपट्टीतल्या लोकांनी. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, 2004 च्या डिसेंबरपासून, महाराष्ट्र सरकारने मुंबईतल्या हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरवला होता. साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसं गाडली गेली, तीही झोपडपट्टीतलीच. पाणी ओसरल्यावर पहिला ठपका कुणावर? मिठी नदीच्या काठच्या झोपड्यांवर. नदीचं पात्र वळवणाऱ्या विमानतळाचं आणि खाजणात भराव घालून उभ्या राहिलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलाचं नाव मागाहून, खालच्या आवाजात. चहा पाजला तोवर ते मुंबईकर, सकाळ झाली की अतिक्रमण!

उरला रंगाचा प्रश्न. पाणी रंग बघत नाही, कबूल. लेकव्ह्यू हा गोऱ्या मध्यमवर्गाचा भाग, तोही छपरापर्यंत बुडाला. मग लेकव्ह्यू आणि लोअर नाइन्थ वॉर्ड यांची पाणी ओसरल्यानंतरची गोष्ट वेगळी का? कारण माणसाचा रंग पाण्याला दिसत नसला तरी मदतीच्या सूत्राला दिसतो. घरं पुन्हा बांधण्यासाठी केंद्राच्या पैशातून ‘रोड होम’ नावाची योजना निघाली. नियम साधा: वादळाआधीची घराची बाजारकिंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यांतली जी रक्कम कमी ती धरायची. सूत्रात काळा-गोरा हा शब्दही नाही. पण 1930 च्या दशकात सरकारी नकाशांत काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवून तिथे कर्ज देणं धोक्याचं ठरवलं होतं. तिथल्या किमती तेव्हापासून दबलेल्या. सिमेंट, लाकूड, सुताराची मजुरी दोन्हीकडे सारखीच. म्हणजे लेकव्ह्यूच्या माणसाला दुरुस्तीच्या खर्चाइतकं अनुदान बसे आणि लोअर नाइन्थच्या माणसाला तेवढंच घर बांधायला निम्म्याशिम्म्या पैशांत भागवावं लागे. नागरी हक्क संघटना आणि काही घरमालक 2008 मध्ये कोर्टात गेले, 2011 मध्ये 6 कोटी 20 लाख डॉलरची तडजोड झाली. तोवर सहा वर्षं गेली होती. सहा वर्षं दुसऱ्या गावात राहिलेला माणूस मूल तिथल्या शाळेत घालतो, नोकरी तिथे धरतो. तो परत कशाला येईल?

लोअर नाइन्थ वॉर्डात बहुसंख्य लोक भाड्याने नव्हे, स्वतःच्या घरात राहत होते, हेही आपल्या ‘आळशी’ सिद्धान्तात बसत नाही. आजोबांनी बांधलेलं घर वडिलांकडून पोराकडे आलेलं, कर्ज फिटलेलं. फक्त कागद आजोबांच्याच नावावर. सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव असलेल्या शेतकऱ्याला तलाठ्याच्या दारात जे भोगावं लागतं, तेच या लोकांनी भोगलं: घर तुमचं हे आधी सिद्ध करा, मग अनुदानाचं बघू. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनात घरं कशी वाटली आपण? जमिनीच्या प्रमाणात. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला 750. सूत्रात कुठेही जात लिहिलेली नव्हती. मराठवाड्यात भूमिहीन कोण असतो, हे मात्र सूत्र लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून महापौर काळा होता हा युक्तिवाद मला हास्यास्पद वाटतो. नेगिन काळे होते आणि भ्रष्टही होते. 2014 मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. डॅन्झिगर पुलावरच्या पोलिसांतही काही काळे होते. त्याने काय सिद्ध होतं? सरपंच दलित झाला म्हणून गावकुसाबाहेरचं पाणी गोड झालं, असं आपण कधी मानलं का? वंशभेद माणसाच्या तोंडातल्या शिवीत शोधायचा आणि सापडला नाही की नाही म्हणायचं, ही पळवाट आहे. तो नकाशात असतो, बाजारभावात असतो, बसच्या वेळापत्रकात असतो.

आणि शंभर अब्ज डॉलर? त्यातला मोठा वाटा तातडीच्या मदतीवर खर्च झाला. उरलेल्या पैशाने नवं शहर उभं राहिलं, पण कुणासाठी? वादळानंतर काही दिवसांतच लुइझियानाचे काँग्रेस सदस्य रिचर्ड बेकर खासगीत बोलून गेले की सरकारी चाळी साफ करणं आम्हाला जमलं नाही ते देवाने केलं. देवाने तेवढंही केलं नव्हतं. त्या विटांच्या इमारती बऱ्याच अंशी धड उभ्या होत्या. डिसेंबर 2007 मध्ये नगर परिषदेने एकमताने चार वसाहती पाडायला मंजुरी दिली, साडेचार हजारांच्या आसपास घरं. बाहेर रहिवासी निदर्शनं करत होते आणि त्यांच्यावर मिरपुडीचे फवारे मारले जात होते. शहराच्या शाळांतल्या सात हजारांहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढलं, त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय. शाळा खासगी संचालकांकडे गेल्या. गरिबांचं चॅरिटी हॉस्पिटल, अठराव्या शतकापासून चालत आलेली संस्था, रुग्णालय म्हणून पुन्हा कधीच उघडलं नाही. वादळानंतर दहा दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी आपद्ग्रस्त भागात सरकारी बांधकामावरच्या मजुरांना प्रचलित दराने मजुरी देण्याचा कायदा स्थगित केला. ओरड झाल्यावर दोन महिन्यांनी तो परत आणला. दहा वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा शहरातले कृष्णवर्णीय रहिवासी पूर्वीपेक्षा जवळपास एक लाखाने कमी भरले. दुकानातून नेलेल्या टीव्हींची किंमत या यादीशेजारी ठेवा आणि मग लुटारू कोण ते सांगा.

या यादीत मुंबईचं नावही आहे, आणि ते तुलनाप्रेमी मंडळींना बहुधा ठाऊक नाही. वादळाने मोडलेले तेलाचे फलाट दुरुस्त करायला ‘सिग्नल इंटरनॅशनल’ या कंपनीला वेल्डर आणि पाइपफिटर हवे होते. मुंबईतल्या एका भरती एजन्सीने सुमारे पाचशे भारतीय कामगार पाठवले. कायम वास्तव्याच्या ग्रीन कार्डचं आमिष, आणि त्यासाठी प्रत्येकाकडून दहा ते वीस हजार डॉलर. माणसांनी जमिनी विकल्या, सावकाराकडून कर्जं काढली. अमेरिकेत पोचल्यावर कुंपणाआडच्या छावणीत एकेका खोलीत चोवीस जण, आणि त्या खाटेबद्दल पगारातून महिना हजारावर डॉलरची कपात. व्हिसा तात्पुरता, तोही त्याच मालकाशी बांधलेला. 2008 मध्ये कामगार छावणीतून बाहेर पडले आणि न्यू ऑर्लिन्सपासून वॉशिंग्टनपर्यंत दाद मागत गेले. फेब्रुवारी 2015 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने कंपनी, तिचा तिथला वकील आणि मुंबईतली ती एजन्सी, तिघांनाही दोषी धरून पाच कामगारांना 1 कोटी 40 लाख डॉलर द्यायला सांगितले.

कॅटरिनानंतर लूट झाली, हे मी नाकारत नाही. ती मोठी होती, वर्षानुवर्षं चालली, आणि तिच्यासाठी कुणाला दुकानाची काच फोडावी लागली नाही. नगर परिषदेचा ठराव पुरला, अनुदानाचं सूत्र पुरलं, व्हिसाचा शिक्का पुरला. ज्यांना ‘मुंबईत एकही दुकान फुटलं नाही’ हे वाक्य पुन्हा म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. फक्त पुढच्या वाक्यात त्या एजन्सीचा पत्ता कुठल्या शहरातला होता तेही सांगावं.